जुनी जीप उभी करायची, पण पत्र्याचा मिस्त्री उरलाय कुठं?

नोंदणीची फी वाढली, अफवा पसरल्या, गॅरेजं बदलली. वस्तीवर उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांचं पुढं काय, याचं विश्लेषण

सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यात वस्तीवर गेलं की गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली एखादी जुनी गाडी दिसतेच. कुणाची कमांडर, कुणाची एमएम ५४०, कुणाच्या आजोबांची पेट्रोलवरची विलीज, नाहीतर भिंतीला टेकवून ठेवलेली चेतक किंवा राजदूत. मालकाला ती विकायची नसते आणि भंगारात घालायला जीव होत नाही. "बेदाणा विकला की करू", "उसाचं बिल आलं की बघू" म्हणता म्हणता दहा वर्षं निघून जातात.

आता मात्र हे "बघू" परवडण्यासारखं राहिलेलं नाही. एकीकडं नोंदणीचा खर्च चार वर्षांत कितीतरी पटीने वाढलाय, दुसरीकडं पत्रा ठोकून सरळ करणारे हात तालुक्यातून कमी होत चाललेत. गाडी उभी करायची म्हटलं तर पैसा, कागद आणि मिस्त्री या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. त्यात सगळ्यात अवघड आहे ते मिस्त्री मिळणं.

६०० रुपयांची फी १० हजारांवर

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी आरटीओला दाखवायची आणि पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यायची. मार्च २०२२ पर्यंत मोटारीसाठी त्याची फी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती ५ हजार झाली. मोटारसायकलची ३०० वरून १ हजारावर गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने आणखी एक पायरी टाकली. वीस वर्षांपुढच्या हलक्या मोटारीला १० हजार, तीनचाकीला ५ हजार आणि मोटारसायकलला २ हजार.

यावर जीएसटी वेगळा, राज्याचा पर्यावरण कर वेगळा. नोंदणीची मुदत उलटून गेली असेल तर नियमात महिन्यामागं जादा आकारही आहे. मोटारसायकलला ३०० रुपये आणि मोटारीला ५००. पाच वर्षं गाडी ताडपत्रीखाली झोपली असेल तर साठ महिन्यांचे ५०० प्रमाणे ३० हजार होतात. पुष्कळांना हा आकडा गाडी रंगवून झाल्यावर, पासिंगला गेल्यावर कळतो.

नव्या नंबरप्लेटचा खर्च त्या मानाने किरकोळ आहे. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना राज्यात ही प्लेट सक्तीची झाली. दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५०० आणि चारचाकीला ७४५ रुपये, अधिक जीएसटी. मुदत अनेकदा वाढत गेली. त्यामुळं "अजून वाढेल" या भरवशावर बसणारेही कमी नाहीत.

दिल्लीची गोष्ट आणि गावातली अफवा

"पंधरा वर्षं झाली की सरकार गाडी उचलून नेणार" असा मेसेज ग्रुपवर अधूनमधून फिरतो. त्यापायी काहींनी चांगल्या चालत्या गाड्या भंगारवाल्याला मिळेल त्या भावाने देऊन टाकल्या. वस्तुस्थिती वेगळी आहे. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बंद, ही भानगड दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या परिसराची. हरित लवादाच्या आदेशातून ती सुरू झाली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्का मारला आणि २०२५ मध्ये तो विषय पुन्हा न्यायालयापुढं आला. महाराष्ट्रातल्या खासगी गाडीला असं वयाचं बंधन नाही. गाडी धडधाकट असेल, तपासणीत पास होत असेल, तर नोंदणी वाढते.

१५ वर्षांनी मोडीत काढायच्या आहेत त्या सरकारी गाड्या. तो नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. ग्रामपंचायत किंवा पंचायत समितीची जुनी गाडी गेली म्हणून आपलीही जाणार, हा अर्थ चुकीचा.

उलट ज्याला खरंच गाडी काढून टाकायची आहे त्यानेही रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडं जाऊ नये. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवून नवी खासगी गाडी घेताना मोटार वाहन करात केंद्राच्या नियमाप्रमाणे २५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. राज्य प्रत्यक्षात किती देतं ते त्या वेळी विचारून घ्यावं. मुख्य म्हणजे गाडी आपल्या नावावरून कायमची उतरते. भंगारवाल्याला दिलेल्या गाडीचा नंबर उद्या भलत्याच कामात सापडला तर दारात पोलीस मालकाच्याच येतात.

मिस्त्री गेले कुठं?

जिल्ह्यात वडापचा जमाना जोरात होता तेव्हा जीप हे रोजचं वाहन होतं. जत, आटपाडीच्या रस्त्यांनी टपावर माणसं बसवून धावणाऱ्या कमांडरचा पत्रा दर चार महिन्याला कुठंतरी फाटायचा. त्यामुळं प्रत्येक बाजारगावात गॅसची नळी आणि हातोडा घेऊन बसलेला एक तरी माणूस होता. त्याला पत्र्याची भाषा कळायची. ठोकर कुठून बसली, पत्रा कुठं ताणलाय, कुठं गरम करून आवळायचा, हे तो हात फिरवून सांगायचा. हातोडा बाहेरून आणि डॉली आतून धरून तो पत्रा असा बसवायचा की पुट्टी नावाला लागायची.

आता त्या कामाची गरजच बदलली. आजच्या गाडीचा दरवाजा चेपला की दरवाजा ठोकत नाहीत, नवा बसवतात. विमा कंपनी पैसे देते, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये रंग संगणकावर जुळवतात, चार दिवसांत गाडी घरी. यात चूक काही नाही. पण पत्रा बदलणं आणि पत्रा घडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. ज्या गाडीचा पार्टच बाजारात नाही तिला पहिल्या कामाचा उपयोग नाही. आयटीआयच्या अभ्यासक्रमात बॉडी रिपेअर आणि बॉडी पेंटिंगचे ट्रेड आहेत, तरी पोरांची ओढ इलेक्ट्रिशियन, फिटर नाहीतर डिझेल मेकॅनिककडं. दिवसभर ग्राइंडरची धूळ आणि थिनरचा वास खाऊन महिन्याला ठरावीक पगाराची हमी नाही, मग कोण येणार? जुन्या मिस्त्रीचा पोरगा मोबाईलच्या दुकानात बसलाय, हे चित्र नवं नाही.

रंगाचं काम तब्येतीला घातकही आहे, याबद्दल कुणी बोलत नाही. सध्याच्या दोन डब्यांच्या पीयू रंगात जे हार्डनर मिसळतात त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. त्यासाठी चांगला मास्क लागतो, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. जो मिस्त्री पोरांना मास्क देतो, रंगासाठी आडोसा करतो, त्याचा दर थोडा जास्त असेल. पण धूळही त्याच्याच रंगात कमी बसते.

ट्रॉली बनवणारा म्हणजे बॉडीवाला नव्हे

गावाकडं होणारी सगळ्यात मोठी गल्लत इथं आहे. प्रत्येक तालुक्याला ट्रॉली, नांगर, शेड बनवणारे फॅब्रिकेशनवाले आहेत आणि ते आपल्या कामात पक्के आहेत. पण त्यांचं काम जाड लोखंडाचं. जीपच्या बॉडीचा पत्रा त्यामानाने पातळ, त्यातून गंजून निम्मा झालेला. त्यावर वेल्डिंगचा रॉड लावला की पत्रा जळून भोक पडतं, उष्णतेने शेजारचा भागही वेडावाकडा होतो. मग वाकडेपणा झाकायला पुट्टीचे थर चढतात. गाडी दिसायला गुळगुळीत, पण बोट दाबलं की कुरकुरते.

पातळ पत्र्याला गॅस वेल्डिंगचा जुना हात लागतो, नाहीतर ज्याला गॅरेजवाले सीओटू वेल्डिंग म्हणतात ते मशीन. म्हणून मिस्त्री शोधताना पहिला प्रश्न दर विचारण्याचा नसावा. "पत्रा कशाने जोडता?" हा असावा. दुसरा प्रश्न, "सडलेला भाग कापून नवा पत्रा घालणार की वरून चकती मारणार?" गंजक्या पत्र्यावर चकती मारली तर आतला गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो. दोन पावसाळ्यांत तो चकतीच्या कडेने बाहेर येतो.

चांगल्या मिस्त्रीची खबर कुठं मिळते? गॅरेजच्या बोर्डावर नाही आणि रीलवरही नाही. रंगाच्या दुकानदाराकडं मिळते. कोण प्रायमर आणि सरफेसर नियमाने नेतो आणि कोण फक्त पुट्टीचे डबे नेतो, हे त्याच्याएवढं कुणाला माहीत नसतं. स्पेअरपार्टच्या दुकानदाराचंही तसंच. शिवाय नुकतीच रंगवलेली गाडी बघून काही कळत नाही, ती सगळ्यांचीच चकाचक असते. दोन पावसाळे खाल्लेली गाडी बघावी. मिस्त्रीकडून जुन्या दोन-तीन गिऱ्हाइकांची नावं घेऊन त्यांच्या दारातल्या गाडीचे दरवाज्याचे खालचे काठ, चाकावरची कमान आणि काचेच्या चौकटीचा तळ तपासावा. तिथं फुगे आले नसतील तर माणूस कामाचा.

आणखी एक साधी युक्ती आहे. छोटं चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवायचं. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरची असेल तर चुंबक ओढ धरतं. जिथं ते घसरून पडतं तिथं पत्र्याऐवजी पुट्टीचा ढीग आहे. कुणाची "रिस्टोर केलेली" जीप विकत घ्यायची असेल तरी हीच तपासणी करावी. नोंद घ्यावी की फायबरचा पार्ट असेल तर चुंबक मुळातच चिकटणार नाही.

काम कशाने सुरू व्हावं

जीपची रचना सोपी. खाली शिडीसारखी चासी, तिच्यावर बोल्टने बसवलेली बॉडी. त्यामुळं बॉडी उचलून चासी मोकळी करता येते आणि खऱ्या रिस्टोरेशनची सुरुवात तिथूनच होते. चासीचे आडवे पट्टे, बॉडी जिथं टेकते ते माउंट, बॅटरीखालचा ट्रे, सीटखालची पेटी आणि पाय ठेवायची जमीन, गंज इथं आधी लागतो. बॉडी न उचलता वरून केलेलं काम म्हणजे पडक्या भिंतीला चुना.

क्रम असा असावा: चासी, मग इंजिन-गिअर-ब्रेक, मग पत्रा, मग वायरिंग बसवून बघणं आणि सगळ्यात शेवटी रंग. सीट आणि हूड त्याच्याही नंतर. प्रत्यक्षात बरेचजण उलटं करतात. आधी रंग मारून फोटो टाकतात, मग वायरमन येऊन ड्रिल मारतो, फिटर बॉनेटवर पाना ठेवतो, आणि नव्या रंगाला पहिल्याच महिन्यात ओरखडे.

इंजिनचं काम तालुक्यात निभतं. कमांडर आणि एमएम ५४० च्या डिझेल इंजिनला मिस्त्री लोक अजून "पिजो" म्हणतात आणि ते खोलता येणारे हात अजून आहेत. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, एखादा न मिळणारा पार्ट लेथवर उतरवणं यासाठी कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर जवळ आहे. ही मोठी सोय आहे, सगळ्याच जिल्ह्यांच्या नशिबी ती नाही. दुचाकीच्या सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ आणि जुना बाजार. पण पत्र्याचं काम असं पिशवीत घालून नेता येत नाही. गाडीच न्यावी लागते, दर आठवड्याला जाऊन बघावं लागतं. म्हणून वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतला साधा मिस्त्री हा दीडशे किलोमीटरवरच्या नामांकित गॅरेजपेक्षा पुष्कळदा बरा पडतो. अट एकच, त्याला काम येत असलं पाहिजे.

महापुरात बुडालेल्या गाडीचा प्रश्न वेगळा

पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतल्या कृष्णाकाठच्या गावांना हे जास्त लागू. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या वरून धुतल्या, इंजिनचं तेल बदललं, चालू झाल्या. पण दरवाज्याच्या आत, चासीच्या पोकळ भागात गेलेला गाळ तसाच राहिला. पाणी निघून जायची छोटी भोकं गाळाने बुजतात आणि पत्रा आतून बाहेर सडतो. बाहेर रंगाला फुगा दिसतो तोवर आतला पत्रा बराचसा गेलेला असतो.

अशी गाडी मिस्त्रीला दाखवताना ती पुरात होती हे आधी सांगावं. लपवून दर कमी होत नाही. काम अर्ध्यात आल्यावर वाढतो, आणि तेव्हा गाडी सुटी झालेली असल्याने मालकाला "नको" म्हणता येत नाही.

पावसाळ्यात रंग आणि दसऱ्याची घाई

सगळ्यांना गाडी दसऱ्याच्या पूजेला हवी असते. म्हणजे पत्रा आणि रंगाचं काम ऐन पावसाळ्यात येतं. पुट्टी ओल धरते. पावसाळी हवेत ती उघडी राहिली, वर पाण्याचा पेपर मारला आणि पुरतं सुकू न देता रंग चढवला तर ओल आत कोंडते. चार महिन्यांनी उन्हात गाडी तापली की फुगे. जुन्या पद्धतीचा ड्यूको रंग तर दमट हवेत पांढरट पडतो. बंद बूथ आणि हीटर असलेलं गॅरेज असेल तर गोष्ट वेगळी. तालुक्याच्या शेडमध्ये रंगाचं काम दिवाळीनंतर ते मेपर्यंतच करावं. पावसाळ्यात इंजिन, चासी उरकून घ्यावी. जो मिस्त्री "आत्ता रंग नको" म्हणतो त्याला गिऱ्हाईक आळशी म्हणतात, पण त्याचंच बरोबर असतं.

पैशाचं भांडण टाळायचं तर

जुन्या गाडीच्या कामात ठोक भाव हा दोघांनाही फसवतो. समजा मिस्त्रीने ७० हजार सांगितले आणि गाडी सोलल्यावर जमीन पूर्ण सडलेली निघाली. आता तो पदरचे घालणार नाही. एकतर वाढीव मागणार, नाहीतर पुट्टीत भागवणार. म्हणून आधी फक्त गाडी खोलून रंग काढायचा दर ठरवावा, पत्रा उघडा झाला की दोघांनी मिळून बघावं आणि मग पुढचा अंदाज कागदावर घ्यावा. पैसे टप्प्याने द्यावेत. चासी झाली, पत्रा झाला, प्रायमर मारला, रंग झाला. प्रायमर मारायच्या आधी गाडी स्वतः जाऊन बघणं फार महत्त्वाचं, कारण त्यानंतर पत्र्याचं खरं-खोटं झाकलं जातं.

गाडी सोडताना मोबाईलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत. डॅशबोर्डवरचे मीटर, लाईट, बॅज, नट-बोल्टसुद्धा. काढलेल्या पार्टची यादी करून दोघांनी सही करावी आणि पार्ट घरी आणून ठेवावेत. जुन्या अस्सल पार्टला आज शौकिनांकडून चांगला पैसा मिळतो, त्यामुळं ते गॅरेजमध्ये "हरवतात". सगळेच मिस्त्री असं करत नाहीत हे खरं, पण यादी असली की शंकेलाही जागा राहत नाही.

मिस्त्रीचीही बाजू आहे. कुठल्याही जुन्या गॅरेजच्या मागं बघा, दोन-तीन सांगाडे उभे असतात. मालक उचल देऊन गेला, मध्येच पीक गेलं, नाहीतर भावाभावांत वाटणी निघाली, आणि गाडी तिथंच. जागा अडते, पत्रा पुन्हा गंजतो, वर गावात बोलणी मिस्त्रीलाच. त्यामुळं चांगले मिस्त्री आता पूर्ण रिस्टोरेशनचं काम घ्यायलाच नको म्हणतात. एखाद्याने नकार दिला तर तो नकार अनुभवातून आलेला असतो. हातात निम्म्याहून जास्त पैसा तयार असल्याशिवाय गाडी खोलूच नये.

काम बिघडलंच, तर सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडं दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. १९१५ या हेल्पलाईनवर आधी विचारणा करता येते. पण आयोगापुढं तोंडी बोली टिकत नाही. बिल, अंदाजपत्रक, ऑनलाईन भरलेल्या पैशाची नोंद, व्हॉट्सअपवरचे फोटो यांतलं काहीतरी लागतं. "पक्कं बिल नको, तेवढाच जीएसटी वाचेल" म्हणणारा मालक आपला पुरावा आपणच घालवून बसतो.

कागद आधी, हातोडा नंतर

गाडी गॅरेजला नेण्याआधी परिवाहनच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन अॅपवर नंबर टाकून बघावा. जुन्या वहीतल्या कित्येक नोंदी ऑनलाईन नसतात, त्या आरटीओत जाऊन चढवून घ्याव्या लागतात. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ आहे. नोंदणी वाढवायला फॉर्म २५. गाडीवर जुना बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५ आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचा दाखला. खरी अडचण इथं येते. ज्या पतसंस्थेने पंचवीस वर्षांपूर्वी कर्ज दिलं ती अवसायनात निघालेली असते, मग अवसायकाचा शोध. वारसांमध्ये एकमत नसेल तर रंगावर खर्च करणं म्हणजे दुसऱ्याच्या गाडीवर खर्च करणं.

चासी नंबर हा गाडीचा जीव. मिस्त्रीच्या पोराने ग्राइंडर मारताना तो घासला, किंवा त्यावर पुट्टी बसली, तर तपासणीत गाडी अडकते आणि चोरीच्या गाडीसारखी चौकशी मागं लागते. काम सुरू व्हायच्या आधी नंबरचा फोटो काढून त्या जागेवर टेप लावून घ्यावी. नंबर गंजून पुसट झाला असेल तर तो परस्पर ठोकू नये, आरटीओच्या परवानगीनेच पुन्हा उमटवता येतो.

बदल करण्याची हौस हा आणखी एक सापळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. बेकायदा बदलाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागं ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. चासी लांबवणं, रुंद टायर घालून कमानी कापणं, पेट्रोल काढून डिझेल इंजिन घालणं, हे सगळं त्यात येतं. विलीजमध्ये डिझेल इंजिन घालण्याची आपल्याकडं जुनी रीत आहे. ते बदल त्या काळी आरसीवर चढवले असतील तर ठीक, नसतील तर आता पासिंगला प्रश्न येणार. रंग बदलला तर तोही आरसीवर चढवावा लागतो.

आणि जीपवाल्यांचा लाडका मिलिटरी हिरवा रंग? तो खासगी गाडीला चालतच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे हा ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी आहे. लिलावात घेतलेली लष्करी जीप असली तरी नावावर करताना रंग बदलावा लागतो. हे माहीत असूनही रंगवून देणारे गॅरेजवाले आहेत, कारण दंड त्यांना बसत नाही.

विंटेजचा रस्ता कुणासाठी

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीसाठी २०२१ मध्ये वेगळी विंटेज नोंदणी सुरू झाली. पहिल्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढच्या वेळी ५ हजार. नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं येतात. पण चासी, बॉडी, इंजिन मूळचं असावं लागतं आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. आजोबांची विलीज जशीच्या तशी जपायची असेल त्याला हा रस्ता आहे. रानात जायला, बाजाराला न्यायला जीप हवी असेल त्याने नेहमीचीच नोंदणी वाढवून घ्यावी. दोन्हीचा खर्च जवळपास सारखा वाटला तरी वापर अगदी वेगळा आहे.

कमांडर, मार्शल, एमएम ५४० या गाड्या पन्नाशीत अजून पोचलेल्या नाहीत, त्यांना विंटेजचा विचार सध्या करायचा नाही. त्यांच्या मालकांनी या हंगामात एवढं करावं: आरसीची मुदत बघावी, संपली असेल तर जादा आकार किती झालाय तो आरटीओत विचारावा आणि तो आकडा धरूनच मिस्त्रीकडं जावं. दर महिन्याला त्यात ५०० रुपयांची भर पडते, गाडी ताडपत्रीखाली असो नाहीतर गॅरेजमध्ये.